फुकटचा नेचा, विकतचा नेचा

बोस्टन फर्नच्या कुंडीत खोचलेलं लेबल कधी नीट वाचलंय? बहुतेक वेळा त्यावर चार गोष्टी असतात. इनडोअर. लो लाइट. लो मेंटेनन्स. एअर प्युरिफायर. एवढ्याशा प्लास्टिकच्या पट्टीवर चार थापा मारण्याचं कसब निवडणुकीच्या जाहीरनाम्यालाही साधत नाही.

माझा राग त्या लेबलावर आहे. नर्सरीवाल्यावर नाही, तो बिचारा छापील मिळतं ते खोचतो. झाडावर तर मुळीच नाही. राग अशासाठी, की या पट्टीवर विश्वास ठेवून माणसं नेचा घरी आणतात, टीव्हीशेजारी ठेवतात, पंधरा दिवस कौतुक करतात. मग पानांची टोकं तपकिरी होतात, पिसं गळायला लागतात, रोज सकाळी केर काढताना कुंडीखालून मूठभर कचरा निघतो, आणि दीड-दोन महिन्यांत उरतात नुसत्या काड्या. यातून निष्कर्ष काय निघतो? "माझ्या हाताला झाड लागतच नाही." हे वाक्य मी इतक्या जणांकडून (आणि खरं सांगायचं तर मुख्यतः इतक्या जणींकडून) ऐकलंय की आता ऐकवत नाही. सासूबाई म्हणतात, नवरा म्हणतो, शेवटी ती स्वतःच म्हणायला लागते. पुढे ती तुळससुद्धा भीत भीत लावते. हाताचा काही दोष नसतो हो. तुम्हाला पाणथळ जागेतलं झाड वाळवंटात लावायला सांगितलं गेलं होतं.

तर आधी हे झाड म्हणजे काय ते बघू. फर्न म्हणजे आपला नेचा. शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात 'टेरिडोफायटा' या भयंकर नावाखाली याची नावं आपण घोकलेली असतात, नेफ्रोलेपिस, टेरिस, एडिअँटम, आणि परीक्षा झाल्यावर विसरलेली असतात. त्यातलं नेफ्रोलेपिस म्हणजेच हे बोस्टन प्रकरण. १८९४ च्या सुमाराला फिलाडेल्फियाहून बोस्टनला गेलेल्या नेच्यांच्या एका खेपेत एक रोप वेगळं निघालं. बाकीच्यांची पानं तलवारीसारखी ताठ, याची झुकलेली, कारंज्यासारखी. लोकांना ते आवडलं आणि बोस्टनचं नाव त्याला चिकटलं ते कायमचं. मूळ जात मात्र बोस्टनची नाही. ती उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेतली, फ्लोरिडाच्या दलदलींच्या बाजूची. म्हणजे जिथे हवाच मुळी ओल्या पंचासारखी अंगाला लागते तिथली.

नेच्याला फूल नाही, फळ नाही, बी नाही. पानाच्या पाठीमागे बीजाणू तयार होतात, ते ओल्या जागी पडले की नखाएवढा एक हिरवा, हृदयाच्या आकाराचा पापुद्रा उगवतो, आणि त्या पापुद्र्यावर नर पेशींना मादी पेशीपर्यंत पोचायला चक्क पोहत जावं लागतं. पाण्याचा थर नसेल तर वंश बुडाला. ३५ कोटी वर्षांहून जुनं घराणं आहे हे, आणि इतक्या काळात त्याने पाण्याशी असलेला हा करार मोडलेला नाही. असं झाड आपण आणतो आणि स्प्लिट एसीच्या झोतासमोर ठेवतो.

आता लेबल.

'इनडोअर' म्हणजे काय? जगात घरात उगवणारं झाड अस्तित्वात नाही. काही झाडं घराची हवा इतरांपेक्षा जास्त सोसतात, एवढंच. मनीप्लांट सोसतो, स्नेक प्लांट सोसतो, कारण एक निबर आणि दुसरं साठवणारं. नेचा सोसत नाही. पुण्यात एप्रिलमध्ये दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास उतरते. विदर्भ-मराठवाड्याबद्दल तर बोलायलाच नको. मुंबई आणि कोकणपट्टी त्या मानाने सुदैवी, पण तिथे एसी असतो, आणि एसीचं निम्मं कामच मुळी हवेतलं पाणी काढून नळीवाटे बाहेर सोडणं हे आहे. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत येणारी पुष्कळ झाडं आंध्रात राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून येतात. गोदावरीचा त्रिभुज प्रदेश, शेडनेट, वरून फवारे. तिथे वाढलेलं झाड ट्रकमधून येतं, चार दिवस नर्सरीच्या हिरव्या जाळीखाली तग धरतं, आणि मग आपल्या हॉलमध्ये येऊन पंख्याखाली उभं राहतं. तरी ते महिनाभर टिकतं याचंच मला आश्चर्य वाटतं.

'लो लाइट' ही दुसरी थाप. नेचा सावलीत वाढतो हे खरं, पण ती सावली झाडाखालची. आपल्या डोळ्यांची एक गंमत आहे, ते अंधाराला इतके पटकन सरावतात की हॉलचा कोपरा आपल्याला 'उजेडाचा' वाटतो. मोजायला गेलं तर भर दुपारच्या उन्हात एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो, जंगलातल्या विरळ सावलीत काही हजार, आणि टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात शे-दोनशे. आपण ज्याला सावली म्हणतो तो नेच्याच्या दृष्टीने तळघराचा जिना आहे.

'लो मेंटेनन्स' बद्दल काय बोलणार? ज्या झाडाची माती एकदा कडक सुकली तर वाळलेलं पान पुन्हा कधीच हिरवं होत नाही, त्याला लो मेंटेनन्स म्हणणं म्हणजे तान्ह्या बाळाला लो मेंटेनन्स म्हणण्यासारखं आहे. (इथे कोणीतरी हमखास म्हणतं, "पण आमच्याकडचा फर्न तर दहा वर्षं आहे, काही करावं लागत नाही." त्यांच्याकडे बहुतेक वेळा ॲस्परॅगस फर्न असतो. तो नेचाच नाही! तो शतावरीचा भाऊ. त्याला फुलं येतात, फळं येतात, मुळांवर पाणी साठवणाऱ्या गाठी असतात. नेच्याच्या नावावर शतावरीने मिळवलेली ही अब्रू आहे.)

आणि आता चौथी, सगळ्यात मोठी. 'एअर प्युरिफायर.'

याचं मूळ असं. १९८९ साली नासासाठी बिल वुल्व्हर्टन नावाच्या शास्त्रज्ञाने काही कुंड्या लहान बंद पेट्यांत ठेवून, त्यात बेंझीनसारखे वायू सोडून, ते किती कमी होतात ते मोजलं. अंतराळयानासारख्या बंदिस्त जागेचा प्रश्न होता, आणि त्या प्रश्नापुरता प्रयोग ठीकच होता. पुढे त्याच वुल्व्हर्टनने घरातल्या पन्नास झाडांवर पुस्तक लिहिलं, त्यात बोस्टन फर्नचं कौतुक आलं, आणि तेव्हापासून 'नासाने सांगितलंय' हा शिक्का नेच्याच्या कपाळी बसला. पण तुमचा हॉल ही बंद पेटी नव्हे. दार उघडतं, खिडकी किलकिली असते, हवा येते-जाते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी असे जुने प्रयोग एकत्र करून हिशोब मांडला. इमारतीत नुसत्या हवेच्या येण्या-जाण्याने जेवढी सफाई होते तेवढी झाडांकडून करून घ्यायची, तर दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडं लागतील असं त्यांचं उत्तर आलं. दहा बाय पंधरा फुटांचा हॉल म्हणजे सुमारे चौदा चौरस मीटर. म्हणजे कमीत कमी १४० कुंड्या. सोफा कुठे ठेवणार? आणि आपल्या शहरांतला खरा त्रास धुळीचा. ती धूळ नेच्याच्या पानांवर बसते हे खरं, पण ती टीपॉयवरही बसते, म्हणून आपण टीपॉयला एअर प्युरिफायर म्हणत नाही.

यातली खरी गंमत इतिहासात आहे. घरात नेचा पाळण्याचं वेड सुरू झालं ते लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टरमुळे. त्याला बागेत नेचे लावायची हौस, आणि लंडनच्या कोळशाच्या धुरात ते एकामागून एक मरायचे. १८२९ मध्ये त्याने पतंगाचा एक कोश ओल्या मातीत घालून, झाकण लावून, बरणीत ठेवला. पतंगाचं काय झालं ते असो, त्या मातीत एक इवलासा नेचा आणि गवताचं एक पातं उगवलं, आणि बंद बरणीत जवळजवळ चार वर्षं जगलं. झाकण गंजून आत बाहेरचं पाणी शिरलं तेव्हा कुठे ते गेलं. त्यातून काचेच्या बंद पेट्या आल्या, ज्यांना पुढे वॉर्डचंच नाव पडलं. म्हणजे बघा, घरातला पहिला यशस्वी नेचा काचेत का ठेवला? तर आपल्या हवेपासून त्याला वाचवायला. दोनशे वर्षांनी आपण तोच नेचा काचेबाहेर काढून सांगतोय की बाबा रे, आता तू आमची हवा शुद्ध कर.

त्या पेट्यांनी इंग्लंडात जे वेड पसरलं त्याला चार्ल्स किंग्जली या लेखकाने १८५५ मध्ये नावसुद्धा दिलं, 'टेरिडोमेनिया'. मध्यमवर्गीय घरांतली माणसं टोपल्या आणि खुरपी घेऊन डोंगरदऱ्यांत जायची आणि नेचे उपटून आणायची. विकणारे तर पोत्याने आणायचे. किलार्नी फर्नसारख्या दुर्मीळ जाती या हौसेपायी कड्याकपारींतून पार खरवडल्या गेल्या. हे सगळं प्रेमापोटी बरं का! नेच्यांचा द्वेष करणाऱ्याने एवढं नुकसान केलं नसतं.

आपल्याकडे तो प्रकार नाही असं वाटत असेल तर ऑगस्टमधल्या एखाद्या रविवारी संध्याकाळी ताम्हिणीहून किंवा माळशेजहून परतणाऱ्या गाड्यांच्या डिक्या बघा. कणसं, चिवडा, ओले टॉवेल आणि प्लास्टिकच्या पिशवीत मुळासकट उपटलेला हंसराज. काळ्या तारेसारखे देठ, पंख्यासारखी नाजूक पानं. पाणी ओतलं तर पान भिजत नाही, थेंब घरंगळून जातो. एडिअँटम या नावाचा अर्थच 'न भिजणारा'. आपल्याकडचा जो रानटी हंसराज आहे त्याची एक खासियत म्हणजे पानाचं टोक लांबत जाऊन मातीला टेकतं, तिथे मूळ धरतं आणि नवं रोप होतं. चालत चालत पुढे जातो तो. आणि दुसरी खासियत अशी की पाऊस संपला की तो वाळतो. सगळा. वर काहीही उरत नाही. जमिनीखाली खोड झोपतं आणि पुढच्या पावसाला उठतं. घरी आणलेला हंसराज दिवाळीनंतर असा झोपायला लागला की आपण म्हणतो "मेलं वाटतं", आणि कुंडी रिकामी करून त्यात शेवंती लावतो. संरक्षित जंगलातून झाड उपटणं हा कायद्याने गुन्हा आहे, हे राहू द्या बाजूला. झोपलेल्या माणसाला कोणी असं उचलून कचऱ्यात टाकतं का?

इथपर्यंत बरेच जण माझ्याशी सहमत होतात. पुढच्या मुद्द्यावर भांडण होतं, आणि खरं तर मला तोच मांडायचाय.

आमच्या सोसायटीच्या मागच्या बाजूला, उत्तरेला, जुन्या दगडांची कंपाउंडची भिंत आहे. बिल्डरने काय कारणाने ती पाडली नाही देव जाणे. दगडांच्या सांध्यांत चुना आहे, शेजारच्या टाकीचं पाणी थोडं थोडं झिरपतं, ऊन पडत नाही. तिथे कोणीही न लावलेले, कोणीही पाणी न घातलेले तीन-चार प्रकारचे नेचे वर्षानुवर्षं आहेत. एक हंसराज आहे. एक लांब पट्ट्यांच्या पानांचा टेरिस आहे, जो तुम्हाला गावातल्या कुठल्याही जुन्या चुन्याच्या भिंतीवर, पुलाखाली, गटाराच्या कडेला दिसेल. गेल्या वर्षीच्या सभेत ठराव आला: भिंत खरवडायची, ॲसिडने धुवायची, सिमेंटचा गिलावा करून रंग द्यायचा. कारण, "फार घाण दिसते हो, शेवाळंबिवाळं." तो मंजूर झाला. आणि त्याच सभेत, त्याच कागदावर, दुसऱ्या क्रमांकावर, लॉबीसाठी भाड्याने शोभेच्या कुंड्या आणायचा ठराव होता. त्यात कोणती झाडं असणार म्हणून मी विचारलं. उत्तर आलं, "फर्न वगैरे. फ्रेश दिसतं."

सेक्रेटरींना मी नंतर जिन्यात गाठलं. म्हटलं, "काका, जे आपण काढायला पैसे देतोय तेच आणायलाही पैसे देतोय."

ते हसले. "अहो, ते जंगली. हे नर्सरीतलं."

यात सगळं आलं. नेचा फुकट आला की घाण, विकत आणला की डेकोर. आपल्या अटींवर, आपण नेमलेल्या कोपऱ्यात, पांढऱ्या सिरॅमिकच्या कुंडीत मरत असेल तर तो 'ग्रीन कॉर्नर'. स्वतःच्या अटींवर जगत असेल तर त्याला ॲसिड.

भाड्याच्या कुंड्यांचं गुपितही सांगून टाकतो. ऑफिसांच्या लॉबीत नेचे कायम हिरवेगार दिसतात ना? ते तेच नसतात. कंत्राटदाराचा माणूस थोड्या थोड्या दिवसांनी येतो, पिवळे पडलेले घेऊन जातो, ताजे ठेवून जातो. नेलेल्यांपैकी काही सावरतात, काही सावरत नाहीत. आणि ते बघून आपण घरी तसाच कोपरा करायला जातो, फक्त आपल्याकडे बदली खेळाडू नसतात.

त्या टेरिसची मात्र एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा जो चुन्याच्या भिंतीवरचा गावठी नेचा, टेरिस व्हिटाटा, तो अमेरिकेत फ्लोरिडातही पसरलाय. तिथे लाकडाला औषध लावायच्या एका जुन्या कारखान्याच्या जागेवरची जमीन आर्सेनिकने, म्हणजे सोमलाने, भरली होती. त्या जमिनीत हा मजेत वाढत होता. तिथल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासलं तर तो मातीतलं आर्सेनिक शोषून पानांत साठवत होता. २००१ मध्ये 'नेचर'मध्ये ते छापून आलं. आर्सेनिक मिसळलेल्या मातीत वाढवल्यावर पानांच्या कोरड्या वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त आर्सेनिक त्यात भरलं. एवढं विष पोटात घेऊन जगणाऱ्या नेच्याची ती पहिलीच नोंद, आणि दूषित जमिनी साफ करायला त्याचा उपयोग कसा करता येईल यावर तेव्हापासून पुष्कळ काम झालंय. आमच्या भिंतीवरचा काही सोसायटीचं विष शोषत नाही, तसा माझा दावा नाही. (शोषायला विष पाहिजे, सभेतलं चालत नसावं.) पण विनोद बघा, ज्याने खरोखर काहीतरी साफ करून दाखवलंय त्याला आपण ॲसिड टाकून साफ करतो, आणि जो काही साफ करत नाही त्याच्यावर 'प्युरिफायर'चं लेबल.

आक्षेप घेणाऱ्यांचं ऐकतो. पहिला आक्षेप: झाडं भिंत फोडतात. पिंपळ, वड, उंबर, हो, फोडतात. त्यांची मुळं जाड होत जातात आणि दगड सरकवतात, ती वेळीच काढलीच पाहिजेत, त्यात भावनेला जागा नाही. नेच्याची मुळं केसांसारखी असतात आणि केसांसारखीच राहतात. त्याला भिंत फोडायची ताकदच नाही. तो फक्त सांगतो की इथे ओल आहे. ती ओल घराच्या भिंतीत असेल तर प्लंबर बोलवा, नेचा खरवडून गळती थांबत नाही. कंपाउंडच्या भिंतीत असेल तर बिघडलं काय?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. माझ्या एका मैत्रिणीने तो घेतला. ती म्हणाली, "अगदी मेला दोन महिन्यांत, तरी काय झालं? मी दोनशे रुपयांचा गुलाबांचा गुच्छ आणते तो चार दिवसांत जातो. त्याबद्दल तू कधी लेख लिहिला नाहीस." हे खरं आहे. नेचा गुच्छ म्हणून विकत घेणाऱ्याशी माझं भांडण नाही, फक्त विकणाऱ्याने तसं सांगावं. गुच्छावर 'लो मेंटेनन्स' लिहिलेलं नसतं, म्हणून गुलाब सुकल्यावर कोणी स्वतःच्या हाताला दोष देत नाही. आणि नेचा हा चार दिवसांचा पाहुणा नव्हेच. नीट जागा मिळाली तर हे झाड वर्षानुवर्षं जगतं, आईच्या कुंडीतून लेकीच्या कुंडीत वाटून जातं. एवढं आयुष्य असलेल्या जिवाला दोन महिन्यांचा मुक्काम लिहून देणारे आपण कोण?

तर मग नेचा ठेवूच नये का? ठेवावा की. पण हॉलमधून उचला.

आपल्या फ्लॅटमध्ये एक जागा असते जिला बिल्डर 'ड्राय बाल्कनी' म्हणतो. घरातली सगळ्यात ओली जागा ती! तिथे वॉशिंग मशीन असतं, भांडी घासली जातात, ओले कपडे वाळतात, फरशी दिवसातून दोनदा धुतली जाते. जाळीतून उजेड येतो, ऊन थेट येत नाही. पाहुण्यांना आपण ती दाखवत नाही. नेच्याला दाखवा. दुसरी जागा न्हाणीघराची खिडकी, उजेड येत असेल तर. पूर्वी वाड्यांत आणि कोकणातल्या घरांत नेचा कुठे असायचा? न्हाणीच्या मोरीपाशी, रहाटाच्या खाली, विहिरीच्या आतल्या कड्यावर. तिथे त्याला कोणी ठेवलेलं नव्हतं, तो आपणहून गेला होता. आजही त्याची निवड बदललेली नाही, आपला नकाशा बदललाय.

स्प्रे बाटलीने दिवसातून तीनदा फुसफुस करण्यावर फार विसंबू नका. पंखा चालू असेल तर ते पाणी काही मिनिटांत उडून जातं आणि आर्द्रता होती तिथे येते. त्यापेक्षा प्लास्टिकची कुंडी एका मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवा आणि मधली फट वाळूने भरून ती वाळू ओली ठेवा. मातीची कुंडी पाझरते, माठासारखी, आणि नेच्याभोवतीची हवा गार आणि थोडी दमट राहते. चार कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवल्या तर आणखी बरं.

पाण्याबद्दल मात्र जरा सविस्तर, कारण इथे चांगली शिकलेली माणसं चुकतात. पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओ फिल्टरमधून बाहेर पडणारं पाणी बादलीत धरून झाडांना घालायची पद्धत पडली आहे. हेतू उत्तम. पण त्या पाण्यात फिल्टरने तुमच्या पिण्याच्या पाण्यातून काढलेले सगळे क्षार एकवटलेले असतात. फरशी पुसा, संडासात ओता, नेच्याला घालू नका. त्याच्या पानांची टोकं जळतात ती पुष्कळदा क्षारांनीच. टँकरच्या आणि बोअरच्या पाण्याचंही तेच. उलट एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी, जे आपण शेजाऱ्यांच्या अंगावर सोडतो, ते हवेतलं थिजलेलं पाणी असतं. त्यात क्षार जवळजवळ नसतात. बाटली लावा. सगळ्यात चांगलं अर्थात पावसाचं. जून ते सप्टेंबर कुंडी नुसती बाहेर ठेवा, कशाचीच गरज नाही.

माती काळी, चिकट नको. कुजलेल्या पालापाचोळ्याचं खत, दोनदा धुतलेलं कोकोपीट, थोडी जाड वाळू किंवा विटांचे तुकडे. खत अगदी पातळ, तेही वाढीच्या दिवसांत. पानं वाळली तर बुडापासून कापा आणि घाबरू नका. खोड जिवंत असेल आणि माती ओलसर ठेवली तर गुंडाळीसारखा वळलेला, लव असलेला नवा कोंब पुन्हा वर येतो. उन्हाळ्यात काड्या झालेला नेचा मेला म्हणून फेकण्याआधी एक पाऊस थांबून बघा.

आणि पानाच्या मागे तपकिरी ठिपके दिसले तर औषधाची बाटली शोधायला धावू नका. ठिपके ओळीने, सारख्या अंतरावर, कवायतीला उभे राहिल्यासारखे असतील तर ते बीजाणूंचे पुंजके. झाड बाळंत होतंय, त्याच्यावर कीटकनाशक काय मारता? वेडेवाकडे, देठावरही चढलेले, नखाने खरवडल्यावर चिकट लागणारे असतील तर ती खवलेकीड.

आपल्या इथले नेचे किती आहेत याची कल्पना यावी म्हणून एक सांगतो. १९२२ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले जेझुइट फादर ब्लॅटर आणि त्यांचे सहकारी डी'अल्मेडा यांनी 'द फर्न्स ऑफ बॉम्बे' असं एक अख्खं पुस्तक लिहिलं. शंभर वर्षं झाली. त्यात बोस्टनची गरज नव्हती. खोडाखोडांवर बसणारं बाशिंग आहे, जे तपकिरी, कागदासारख्या पानांच्या परड्या करून त्यात पालापाचोळा गोळा करतं आणि स्वतःचं खत स्वतः बनवतं. पानाच्या पाठीवर पांढरी पूड असलेले रुपेरी नेचे आहेत, कोकणातली आणि घाटातली पोरं ते पान मनगटावर दाबून पांढरा ठसा उठवतात. हे नर्सरीत मिळाले तर जरूर घ्या. मिळत नसतील तर नर्सरीवाल्याला सतत विचारत राहा, मागणी आली की माल येतो. पण डोंगरातून उपटून आणू नका, आणि जे आपणहून तुमच्या भिंतीवर आलेत त्यांना घालवू नका.

आमच्या भिंतीचा ठराव मंजूर झालाय, काम अजून झालेलं नाही. निधी नाही म्हणून, नेच्यांवरच्या प्रेमापोटी नव्हे. पुढच्या सभेसाठी मी दुरुस्ती लिहून दिली आहे: रंग तीन बाजूंना द्यावा, उत्तरेची भिंत जमिनीपासून पाच फुटांपर्यंत आहे तशी सोडावी, पिंपळाची रोपं तेवढी दरवर्षी मे महिन्यात काढावीत, आणि लॉबीतल्या भाड्याच्या कुंड्यांचे पैसे गच्चीच्या वॉटरप्रूफिंगकडे वळवावेत. सेक्रेटरीकाका म्हणाले, शेवटच्या कलमामुळे कदाचित पास होईल.